सिग्नल हिरवाच होता

ॲम्ब्युलन्स जवळ येताच पुढचा सिग्नलही लालचा हिरवा झाला. संगमेशनं ब्रेकला पायसुद्धा लावला नाही.

"ह्येला कसं कळतंय ओ, आपण आलोय म्हणून?" मागून दाक्षायणीनं विचारलं. नवऱ्याचा, ईश्वरप्पाचा, गार पडत चाललेला हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.

"गाडीत पेटी बसवलीय, अक्का. ती म्होरच्या खांबाला सांगती, पेशंट हाय, वाट सोड. घाबरू नका. सात रस्ता गेला की आलंच हॉस्पिटल."

सात रस्त्याचा सिग्नलही मुकाट हिरवा झाला. पण त्याच्या खाली भाऊंच्या वाढदिवसाची मिरवणूक रस्ता अडवून नाचत होती. कुठल्यातरी भाऊंची. सोलापुरात भाऊंना काय तोटा!

संगमेशनं सायरन वाढवला. नाचणाऱ्यांनी हात वर केले आणि सायरनच्या तालावरच उड्या मारायला सुरुवात केली. डीजेच्या गाण्यांत सायरन असतोच, हाही त्यातलाच, असं त्यांना वाटलं. डीजेवाल्यालाही चेव आला. त्यानं आपला सायरन त्यात मिसळला.

"आरं, पेशंट हाय आत! मानूस मरतंय!" खिडकीतून अर्धा बाहेर येऊन संगमेश बोंबलत होता. त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. मागं-पुढं गाड्या, वळायला जागा नाही. वर सिग्नल हिरवाच. गाडी पुढं सरकेपर्यंत तो तसाच राहणार होता, इतका इमानी.

मागं नर्स धम्मप्रिया ईश्वरप्पाच्या छातीवर दाब देत होती. दाक्षायणी कानडीत नवऱ्याला उठवत होती, रागावत होती, पुन्हा उठवत होती.

मग धम्मप्रियाचे हात थांबले. तिनं आरशातून संगमेशकडं पाहिलं आणि मान हलवली. दाक्षायणीनं हंबरडा फोडला. तो गाडीबाहेर गेलाच नाही.

संगमेशनं सायरन बंद केला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

दारावर थाप पडली. तोंडभर गुलाल फासलेला एक जण खिडकीशी वाकला होता. घामानं निथळत होता, खुशीत होता.

"बंद का केलं, मालक? लई भारी वाजत हुतं. लावा की परत!"