हातगुण

कल्याणनं दुकानात खुर्ची पुसून दिली, पंखा बद्रीनाथनानांकडे वळवला आणि त्यांच्या गळ्यात हार घातला, तेव्हाच नानांनी ओळखलं की आज पुन्हा काहीतरी विकत घ्यावं लागणार.

"आता काय आणलंस बाबा?"

"मोबाईल स्टार्टर, नाना. विहिरीवर मोटरीला जोडून द्यायचं. मंग घरी अंथरुणात पडूनच फोन लावायचा, की तिकडं मोटर चालू. रातच्या लाईटीला शेतात जायचं कामच न्हाई." कल्याणनं खोका त्यांच्या मांडीवर ठेवला. "सगळे नावं नोंदवून बसलेत, अन् कंपनीनं दोनच पाठवले. एकावर सरपंचाचा मेव्हणा सकाळीच हक्क सांगून गेला, त्याला संध्याकाळी देतो. पहिलं मात्र तुमच्या हातानं, नारळ फोडून जाऊ द्या."

वडीगोद्रीत कुठलीही नवी वस्तू आली की पहिली नानांना विकायची, अशी रीतच पडली होती. नानांचा हातगुण चांगला. त्यांनी नारळ फोडलेली एकही बोअर कोरडी गेली नाही, असं लोक सांगत. कोरड्या गेलेल्या कोणी मोजल्या नव्हत्या. या हातगुणापायी नानांचं घर नको असलेल्या वस्तूंनी भरून गेलं होतं. बायको, साळूबाई, होत्या तोवर त्या पुसून तरी ठेवत. आता सगळ्या वस्तूंवर धूळ होती, आणि नानांना या पहिलेपणाचा मनापासून वीट आला होता.

"कल्याणभाऊ, पहिलं नाव मी नोंदवल्तं," पाइपांच्या ढिगाशी उभी असलेली दैवशाला म्हणाली. "पाडव्यालाच."

"व्हय ताई, मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो? पुढच्या गाडीत तुमचंच येतंय बघा. पण पहिली विक्री म्हणजे..." कल्याण थांबला. मुलगा तसा सभ्य. पुढचा शब्द त्यानं तोंडातून काढला नाही, फक्त तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि तो काउंटर पुसू लागला.

दैवशालाची विहीर नाल्याच्या पलीकडे. रात्री लाईट आली की झोपलेल्या लेकीला घरात ठेवून, बाहेरून कडी लावून ती एकटी मोटर चालू करायला जाते, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. नानांनाही होतं. मशीन घ्यावं, कल्याणला फोटो काढू द्यावा आणि घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. तरी त्यांच्यानं राहवलं नाही.

"कल्याण, हे मी घेतलं असं समज, अन् दैवशालाला देऊन टाक."

"हे बराबर झालं!" कल्याणचा जीव भांड्यात पडला. "आधी तुमचा हात लागला, मंग ताईच्या घरी गेलं. कोणाचं काही म्हणणं न्हाई. घ्या ताई, नानांच्या पाया पडा."

"नको," दैवशाला म्हणाली. "मी मागायला न्हाई आले, नाना. नंबर माझा हाय." आणि मग, अंबडची एसटी कधी आहे असं विचारावं तितक्या साध्या आवाजात तिनं विचारलं, "साळूकाकूला जाऊन वर्स होत आलं. तुमचा हात अजून चांगलाच हाय. मंग माझाच कसा काय बिघडला?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती एकदम पाइपांची जाडी बघू लागली.

नानांना राग यायला हवा होता. आला नाही. साळूबाईंचं तेरावं उरकलं आणि त्याच आठवड्यात लोक त्यांना गाडीत घालून वाटूरला बोअरचा नारळ फोडायला घेऊन गेले होते. तेही गेले होते. दैवशालाला मात्र नवरा गेल्यावर सख्ख्या भावाच्या हळदीत आतल्या खोलीत बसवलं होतं. त्या हळदीत नाना बाहेर मांडवात मानाच्या जागेवर होते. नानांना स्वतःची लाज वाटली, आणि थकवा तर इतका वाटला की उठून उभं राहायलाही त्यांना काउंटरचा आधार घ्यावा लागला.

त्यांनी गळ्यातला हार काढून ठेवला. "नारळ तिच्या हातात दे."

"अवो नाना, बाईमाणसानं नारळ फोडायचा?" एक गिऱ्हाईक म्हणालं.

"मशीन तिचं, नारळ तिचा. मी दमलो आता."

कल्याणनं एकदा नानांकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि नारळ दिला. दैवशाला पायरीशी बसली. पहिल्या फटक्याला नारळाला नुसती चीर गेली. दुसऱ्याला तो फुटला आणि पाणी तिच्या चपलांवर सांडलं. तिनं मशीनचा खोका पिशवीत घातला. कल्याणनं खोबऱ्याचे तुकडे करून ताटलीत ठेवले आणि ताटली फिरवली.

पहिल्या गिऱ्हाइकाला नेमका तेव्हाच फोन आला. दुसऱ्याला आपला उपवास आठवला. उपवासाला खोबरं चालतं, हे काही आठवलं नाही. ताटली हातात धरून कल्याण तसाच उभा राहिला. दैवशाला कोणाकडेच बघत नव्हती.

खोबरं चावायला नानांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. त्यांनी हात पुढं केला.

"त्यातला मोठा तुकडा दे रे," ते म्हणाले.