स्वतः चालवण्याची अट

चौथ्यांदा कस्टम कचेरीचा तो जिना चढायला तिनं साफ नकार दिला. दोन्ही कुबड्या धाकट्या भावाच्या हातात दिल्या, बंदराच्या आवारात दोन महिने धूळ खात पडलेल्या आपल्या गाडीत बसली आणि म्हणाली, "जा, साहेबांना सांग, मी खाली आहे."

"ताई, जरा गोडीनं घे. अडला हरी गाढवाचे पाय धरी."

"पाय धरायला वाकावं लागतं. ते मला जमत नाही."

भाऊ जिन्याकडे गेला.

परमुलखात एकोणीस वर्षं तिनं शिवणकाम केलं होतं. पाय लहानपणीच गेलेले, त्यामुळे मशीनसुद्धा हातानं चालवायची. ही निळी गाडी तिनं तिकडेच घेतली. वेग आणि ब्रेक दोन्ही एकाच दांड्यावर: ओढला की पळायची, ढकलला की थांबायची. कायमची परत येताना तिनं गाडी जहाजावर चढवली, आणि इथं उतरल्यावर कर निघाला गाडीच्या किमतीच्या दुप्पट. अकरा वर्षांची जुनी गाडी साहेबांनी नव्या गाडीच्या भावानं धरली होती. कर भरल्याशिवाय नोंदणी नाही, नोंदणीशिवाय नंबर नाही आणि नंबराशिवाय गाडी फाटकाबाहेर नाही.

अपंगांना कर माफ होता. पण त्याचा अर्ज घेणारी खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. पहिल्या खेपेला डॉक्टरचा दाखला मागितला. दुसऱ्या खेपेला कळलं, तिकडच्या डॉक्टरचा चालत नाही, इथल्याच हवा. तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेले होते. पायऱ्या अडतीस. चढताना तिच्या तळहातांची सालं निघायची.

तासाभरानं साहेब उतरले. काखेत फाइल, कपाळावर आठी.

"बाई, नियम काही मी घरी बसून केलेले नाहीत. माफी हवी असेल तर गाडी तुम्ही स्वतः चालवता हे दिसायला हवं. नाहीतर कर माफ तुमच्या नावावर आणि मजा मारणार तुमचे बंधुराज."

भावाचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार, तोच तिनं शेजारचं दार उघडलं.

"बसा."

साहेब बसले. तिनं गाडी काढली ती थेट कंटेनरच्या दोन रांगांमधून. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. टोकाला गेल्यावर वळायला वाव नव्हता, तर तिनं तेवढीच वाट उलटी कापली, एकदाही न थांबता. साहेबांनी सुरुवातीला घट्ट धरलेली दाराची मूठ मध्येच कधीतरी सोडून दिली. फाटकावरचा रखवालदार खुर्चीतून उठून बघत राहिला. गाडी होती तिथं, होती तशी येऊन उभी राहिली. दोन महिन्यांचा संताप तिच्या अंगातून पहिल्यांदाच उतरला.

"कमाल आहे," साहेब उतरताना म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "मलासुद्धा जमलं नसतं."

गाडीच्या टपावर फाइल टेकवून त्यांनी सावकाश शेरा लिहिला, खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद भावाच्या हातात दिला. भाऊ मोठ्यानं वाचू लागला.

"अर्जदार बाई वाहन उत्तम चालवतात, हे समक्ष पाहिले. सबब त्यांना अपंग म्हणता येत नाही. करमाफी नामंजूर."