साखरेचं कपाट

दत्तकसंस्थेच्या बाई घर पाहायला येणार म्हणून कुलूपवाल्याने सकाळीच स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या कपाटांना बाळाला उघडता न येणारे खटके बसवले आणि कुटुंबाची ओळख आरशासमोर तीनदा घोकली. “आमच्या घरात सगळं शांतपणे चालतं,” बाई आल्यावर त्याने त्यांना सांगितलं, तोच आतून चहा करणारी बायको ओरडली, “अहो, साखर अडकलीय!” तो धावला. वीस वर्षं लोकांच्या तिजोऱ्या उघडणाऱ्याला साखरेचं कपाट दाद देईना. त्याने दोन्ही हातांनी ओढलं, गुडघा लावला. “गिऱ्हाइकांना कळू देऊ नका,” बायको कुजबुजली. मागे वळला तर दारात बाई, हातात फाइल. पाच वर्षं बाळाची वाट पाहिली, साखरेने घात केला! बाईंनी एका हाताने खटका दाबून कपाट उघडलं. “एकाच हाताने उघडायला शिका,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यात आता बाळ असणार आहे.” बाईंच्या चहात साखर घालायची राहूनच गेली.