मेतोदीचा क्लच

"हे मेतोदीकाकांच्या पायाचं काम नाही," गॅरेजात गाडीखालून मेकॅनिक स्पासचा आवाज आला.

गिअरबॉक्स उतरवून बाजूला ठेवला होता. स्पासने क्लचप्लेट बाहेर सरकवली, पाठोपाठ ती ज्यावर दाबून बसते ते जड फ्लायव्हील, आणि दोन्ही उचलून टेबलावर उजेडात ठेवली. राइना वाकून बघू लागली. प्लेट रिव्हेटांपर्यंत झिजली होती. फ्लायव्हीलच्या पोलादावर निळे-काळे डाग पडले होते आणि त्या डागांतून केसाएवढ्या बारीक चिरा गेल्या होत्या.

"घासून नाही चालणार?"

"घासायला ठेवलंय काय? दोन्ही नवीनच बसवावी लागतील."

राइनाला घाई होती. वडिलांचा, मेतोदीचा, चाळिसावा दिवस कालच झाला होता. त्या दिवशी वाटायचे शिजवलेले गहू गावात घरोघर देऊन झाले होते. शनिवारी गाडी घ्यायला एक माणूस येणार होता आणि रविवारी ती आईला कायमची सोफियाला, आपल्या घरी, नेणार होती. डोंगरातल्या त्या गावात दोन वर्षांपासून बस येत नव्हती. दुकान, दवाखाना, सगळं खाली, अठरा किलोमीटरवर. घरातला गाडी चालवणारा माणूसच गेल्यावर तिथे राहायचं कसं? तिची आई नेवेना यावर हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. आत्ताही ती दाराजवळच्या स्टुलावर, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. दाराच्या फळीवर मेतोदीच्या फोटोची मृत्युसूचना चिकटवलेली होती. त्या फोटोकडे तिने पाठ केली होती.

मेतोदी बावीस वर्षं रोज त्या वळणांवरून खाली लाकडाच्या कारखान्यात उतरला आणि रोज वर चढून आला. गाडीचा क्लच पहिलाच होता. खोऱ्यातले ड्रायव्हर त्याच्या पायाचं नाव काढत.

"चढावर हाफ क्लचवर, पेडल अर्धं दाबून, गाडी धरली तर पाप लागेल असं वाटायचं त्यांना," स्पास म्हणाला. "माझ्या लग्नात सगळ्या गाड्या चर्चच्या चढावर अडकल्या. बाकीचे घासत, रेटत पुढे. हे हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून आत बसले. बायको म्हणाली, हा पाहुणा रुसलाय का?"

राइना हसली नाही. अठराव्या वर्षी तिने एकदा ही गाडी चढावर धरून ठेवली होती. क्लच जळाल्याचा वास आला. बापाने तिला तिथेच उतरवलं. चार किलोमीटर चालत ती घरी आली, आणि त्यानंतर तिने कधीही चावी मागितली नाही.

"शेवटी त्यांच्या पायात जोर राहिला नव्हता," ती म्हणाली.

"दुबळ्या पायाने असं होत नाही, ताई. हे चढावरचं आहे. गाडी उचल, घसरली, परत उचल. शेकडो वेळा. हा नवशिक्याचा पाय आहे."

एवढं बोलून तो फडक्याला हात पुसत राहिला. नेवेनाकडे त्याने मुद्दामच पाहिलं नाही.

"माझा पाय आहे तो," नेवेना म्हणाली.

राइना वळली.

"डॉक्टरने सांगितलं ना, आता थोडेच महिने म्हणून, त्याच आठवड्यात त्याने मला बसवलं स्टिअरिंगवर. दफनभूमीच्या चढावर. रोज. म्हणे, इथून न घसरता गाडी काढलीस की बाकीचा डोंगर तुला सपाट. मी रडायचे. चौसष्टाव्या वर्षी कसला छळ मांडलायस म्हणून भांडायचे. गाढव म्हटलं मी त्याला. तो आपला शेजारी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचा. 'परत,' म्हणायचा. बस, तेवढंच." तिने पर्समधून लायसन्स काढलं आणि न दाखवताच हातात धरलं. "सप्टेंबरात मिळालं. दुसऱ्या खेपेला पास झाले. त्याने बघितलं."

"आई, आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"काय सांगू? चाळिसाव्याच्या गव्हासाठी खाली गेले होते. येताना चढेचना. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी. ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. त्याने बावीस वर्षं जपलं ते मी पाच महिन्यांत जाळून टाकलं. एवढंही जमत नाही, तर कुणाच्या जिवावर वर राहू? विकून टाक. मी येते तुझ्याबरोबर."

राइनाने आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि स्पासला विचारलं, "सामान यायला किती दिवस लागतील?"

स्पास आतल्या खोलीत गेला आणि दोन खोकी घेऊन आला. त्यांवर धूळ बसली होती. पेन्सिलीने नाव लिहिलं होतं: मेतोदी.

"जूनपासून पडून आहेत."

"जूनमध्ये? तेव्हा तर क्लच चांगला होता."

"ठणठणीत होता. मीही म्हटलं, काका, कशाला मागवताय? तर म्हणाले, 'आणून ठेव तू. बर्फ पडायच्या आत नेवेनाकडून हा जाळून घ्यायचाय.'"

नेवेनाने लायसन्स परत पर्समध्ये ठेवलं. मग तिने पर्स बंद केली आणि ती उभी राहिली.

"राइना, त्या शनिवारच्या माणसाला फोन करून नाही म्हण. आणि सोफियाचं तिकीट एकच काढ."