पाहुण्यांची बाटली

एर्वेने टेबलावर बाटली आणून ठेवली. बाटलीला लेबल होतं, बूच होतं. लेकीपुढे, सोलेनपुढे, त्याने उंच दांड्याचा ग्लाससुद्धा मांडला.

या घरात पांढरी वाइन पिंपातून थेट सुरईत यायची. बुधवारचे शिंपले असोत की कालचं सूप, जेवणाला तीच आपली घरची हलकी, आंबटसर, स्वस्तातली वाइन. ग्लास म्हणजे मोहरीच्या सॉसच्या रिकाम्या बरण्या. लेबलवाली बाटली निघायची ती फक्त परक्यांसाठी.

"या चिखलात मी कुजणार नाही," म्हणून सोलेन सात वर्षांपूर्वी पॅरिसला निघून गेली होती. आज तीन वाजता शेजारचा गोतिए बापाचा द्राक्षमळा विकत घ्यायला कागद घेऊन येणार होता. सही व्हायच्या आत मळा मागून घ्यावा, म्हणून ती पहाटेच्या गाडीने धावत आली होती. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"घ्या," एर्वे म्हणाला. "लांबून आलात."

पोटच्या पोरीला अहो-जाहो! आईचा, बर्नादेतचा, डाव शिंपल्यांच्या पातेल्यातच थांबला.

"अहो, लेक आहे ती आपली."

"लेक रोज जेवायला असते."

सोलेनला बापाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. ती ताडकन उठली. आता ही दाराबाहेर जाणार, या धास्तीने आईने डोळे मिटले. पण सोलेनने ओट्यावरची सुरई उचलली आणि ती तळघरात उतरली. अंधारातही पिंपाचा नळ हाताला बरोबर सापडला.

वर येऊन तिने फडताळातून तीन बरण्या काढल्या आणि भरल्या. कडेचा टवका उडालेली आपल्यापुढे ठेवली. लहानपणापासून ती तिचीच. बाटलीला तिने हातही लावला नाही.

शिंपले निवत चालले. एर्वेने एक घोट घेतला, मग दुसरा.

"गाळ आलाय," तो गुरगुरला. "नळ सावकाश सोडायचा असतो. विसरलीस?"

"विसरले. पुन्हा शिकवा, बाबा. सगळंच."

तो बराच वेळ पावाचा तुकडा रशात बुडवत राहिला. मग त्याने बुचाची बाटली बर्नादेतकडे सरकवली.

"ही आत ठेव. तीनला गोतिए कागद परत नेईल, तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला लागेल. पाहुणा आहे तो."