मोड आलेला मुडा

धाकूने पेंढ्यात बांधलेला बियाण्याचा मुडा सोडला, कांडायला भात काढावं म्हणून आत हात घातला आणि तो तसाच थांबला. हात बाहेर आला तेव्हा मुठीतल्या दाण्यांना पांढरे मोड फुटलेले होते. घरात तेवढाच एक मुडा होता.

त्याची सून शेवंती दारात उभी होती. मोड तिळाएवढे आहेत, तिने पाहिलं. हवे तेवढेच. उद्यापर्यंत ते एकमेकांत गुंतले असते आणि भात खरंच फुकट गेलं असतं.

"छप्पर गळलं वाटतं," धाकू म्हणाला.

शेवंतीने होकाराची मान हलवली. पण छप्पर गळलं नव्हतं. परवा सासऱ्याला हीव भरलं, तोंडावर कांबळं ओढून तो ओटीवर निजला, तेव्हा तिनेच मुड्यावर पाणी ओतलं होतं. काल पुन्हा ओतलं. तिचा नवरा रतन कल्याणला रेल्वेच्या खडीवर मजुरी करायचा, आठवड्याने घरी यायचा. पाहणारं कुणी नव्हतं.

साल १८८६. टिटवाळ्याच्या त्या बाजूला भात व्हायचं ते राबावर. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाफ्यावर पसरून जाळायच्या, त्या राखेत बी पेरायचं, महिन्याने रोपं उपटून शेतात लावायची. यंदा सरकारी रानात फांदी तोडायला बंदी आली होती. शेण जाळावं तर गोठ्यात दोनच बैल. धाकूने ठरवून टाकलं होतं. यंदा भात नाही. बियाणं कांडून खायचं, बैल विकायचे आणि रतनबरोबर खडी फोडायला जायचं. एकदा बैल गेले की पुन्हा नांगर धरणं होणार नाही, हे शेवंतीला स्पष्ट दिसत होतं.

ती दिवा गावाकडची, खाडीकाठची. तिच्या माहेरी खारजमिनीत राब कुणी करतच नाही. बी भिजवतात, मोड आणतात आणि चिखलात फेकतात. तिने हे वैशाखातच सांगून पाहिलं होतं.

"खारातली अक्कल खारातच ठेव, सूनबाई," धाकू म्हणाला होता. "इथली माती गोडी हाय."

आता शेजारची गंगुबाई डोकावली. मुड्यात पाहून तिने कपाळाला हात लावला. "अगं बाय, हे आता कांडायचं पण नाय आन पेरायचं पण नाय. कोंबड्यांना घाला."

शेवंतीला बोलायचं ते आत्ताच बोलायला हवं होतं.

"नायतरी गेलंयच ना, मामंजी? मग सखलातल्या शेतात फेकून बघते."

धाकूने मुठीतले दाणे जपून मुड्यात परत टाकले.

"बैल जुंपतो," तो म्हणाला. "चिखल किती लागंल?"

दुपारपर्यंत बांधावर निम्मं गाव जमलं. धाकूने चिखल केला होता. शेवंतीने बांध फोडला आणि साठलेलं पाणी वाहून जाऊ दिलं. मोडाचं बी पाण्यात बुडालं तर कुजतं, हे तिला ठाऊक होतं. बांधावरच्यांना नव्हतं.

"धाकूदादा," शेजारच्या शेतातला सहदेव ओरडला, "तुझी सून पाणी सोडून देते आन बी चिखलात टाकते. तिला आवर घाल."

"तू तुझ्या बांधावर बस," धाकू म्हणाला.

तीन दिवस ती शेताच्या कडेला बसून पाखरं हाकत होती. चौथ्या दिवशी चिखलावर हिरव्या सुया दिसल्या. बोटभर झाल्यावर तिने बांध बुजवला आणि पाणी अडवलं. फेकलेल्या भाताला ओळ नसते, तण आणि भात मिसळून वाढतं. ती वाकून वाकून एकेक काडी निवडत राहिली. पहिले चार दिवस एकटी. पाचव्या दिवशी शेताच्या दुसऱ्या टोकाला धाकू वाकलेला दिसला.

गावात इतरांनी राबाशिवाय रोपं केली होती. ती पिवळी पडली, वितीच्या वर गेलीच नाहीत. सहदेवने अर्धं शेत पडीक टाकलं.

आश्विनात शेवंतीने एक लोंबी तोडून दाणे मोजले. एकशे सव्वीस. विश्वास बसेना म्हणून दुसरी मोजली. एकशे एकतीस.

बैल विकले गेले नाहीत. ते खळ्यात गोल फिरत होते, भात मळत होते, आणि त्यांच्यामागे धाकू चालत होता. रतन खडीवरून रजा घेऊन आला होता, पेंढा झाडत होता. परत जायचं त्याने अजून नाव काढलं नव्हतं. खळ्याभोवती तेच लोक उभे होते जे आषाढात बांधावर उभे होते.

"पुढल्या साली माझं पण बी घालव गं फुकट," गंगुबाई म्हणाली. सगळे हसले.

सहदेव मात्र हसला नाही. तो भाताच्या राशीकडे पाहत होता. "हसण्यावारी नेऊ नका. मोड आणायचे कसे ते सांगा. पाणी किती घालायचं?"

शेवंती सांगायला पुढे झाली. तेवढ्यात धाकू बैलांमागे चालता चालताच बोलू लागला.

"पहिल्या दिवशी दोन घागरी. वरून पेंढा दाबून पाटा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी एकच घागर, ती पण चुलीवर कोमट करून. आन घरात तापकरी म्हातारा असला, तर त्याने कांबळं ओढून गुमान पडून राहायचं."