नळाला मुंग्या

स्वयंपाकघरातल्या नळाला ओला हात लागला आणि लेकीच्या हातातून कोपरापर्यंत सणक गेली. कप सिंकमध्ये पडून फुटला. हात छातीशी धरून ती तशीच उभी राहिली.

मग तिला बाथरूममधला पाण्याचा आवाज ऐकू आला.

आत आई अंघोळ करत होती. स्वतःहून गेली नव्हती. गेले काही दिवस ती अंघोळ टाळत होती. नळाला मुंग्या आहेत म्हणायची. लेकीने नळाभोवती मुंग्यांची पावडर टाकली होती. एकही मुंगी दिसेना, तेव्हा आईचं आता वय झालं असं तिने मनाशी ठरवून टाकलं. आज तर आवाज चढवून तिला आत पाठवलं होतं.

लेक धावत मीटरपाशी गेली आणि तिने मेन स्विच पाडला. पंखा थांबला. शिलाई मशीनवरचा दिवा विझला. परत येऊन तिने बोटांची मागची बाजू नळाला जेमतेम टेकवली. पुन्हा झटका बसला.

घरातली वीज बंद होती. करंट पाइपातून, दुसऱ्याच कुठून तरी येत होता. तो बंद करणं तिच्या हातात नव्हतं.

ती बाथरूमच्या दारावर थापा मारू लागली. आतून कडी होती. आईला आधीच कमी ऐकू यायचं, त्यात बादली भरून वाहत होती.

"आई, नळाला हात लावू नकोस."

"काय? नळ?"

"हात लावू नकोस नळाला!"

"करते गं बंद. तुला मेलीला सगळ्याचीच घाई."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. आई उठत होती. ओल्या फरशीवर, ओल्या अंगाने नळाकडे वळत होती. नळ हा शब्दच आता काढायचा नाही, एवढं तिला कळलं. पण मग ओरडायचं काय? हातातलं काम टाकून आई कशासाठी धावली असती?

लेक दाराबाहेर धपकन खाली बसली आणि किंचाळली, "आई गं, पडले मी. पाय मोडला."

आत काहीतरी आपटलं. मग काहीच नाही. पाणी तेवढं वाहत होतं. लेकीने दाराला कान लावला.

कडी सरकली.

आई दारात उभी होती. टॉवेल कसाबसा गुंडाळलेला, केसांतून फेस ओघळतोय, मागे स्टूल आडवं पडलेलं. कुठे लागलं म्हणून ती वाकली, तशी लेकीने तिचं मनगट पकडून तिला कोरड्या फरशीवर ओढलं आणि सोडलंच नाही. एका हाताने फोन लावून तिने वॉचमनला सगळ्या इमारतीची वीज बंद करायला सांगितली.

वायरमन आला. खालच्या बिऱ्हाडात आज गीझर चालू ठेवून सगळे कामावर गेले होते आणि त्याची जळकी वायर पाइपाला टेकली होती. इतके दिवस असा करंट लोखंडी पाइपातून जमिनीत उतरून जायचा. पण गेल्या आठवड्यात प्लंबरने खालचा गंजलेला तुकडा काढून प्लास्टिकचा बसवला, आणि उतरायची वाट बंद झाली. करंट वरच्या घरांच्या नळांत येऊन बसला. पाइप पुन्हा तारेने जमिनीला जोडेपर्यंत कुणी नळाला शिवू नका, असं वायरमनने बजावलं. मग आईकडे वळून विचारलं, आजी, रोज नळ उघडत कशा होतात?

"टॉवेलने धरून," आई म्हणाली.

"आणि बंद करताना?"

"तोवर टॉवेल भिजलेला असायचा."

वायरमन पिशवी उचलून खाली गेला.

आईने जमिनीवर बसकण मारली, लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि नेमकं कुठे दुखतंय ते विचारू लागली. पायाला काही झालं नव्हतं. तसं सांगायला लेकीने तोंड उघडलं, पण पाय गुडघ्यापासून थरथरत होता आणि काही केल्या थांबत नव्हता.

"बघ, केवढं लागलंय," आई म्हणाली आणि दोन्ही हातांनी पाय चोळू लागली.